टेबलाच्या अलीकडची जबाबदारी

चाकण आणि रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम करताना एक गोष्ट मला पक्की कळली. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला कायदा, करार आणि कागद यांतलं जेवढं ठाऊक असतं, त्याहून कितीतरी जास्त आम्हाला ठाऊक असतं. त्याला ठाऊक नाही याचा कंपनीने फायदा घ्यायचा की नाही, हे रोज आमच्या हातून ठरतं. एचआरची नीती मला इथेच सुरू होताना दिसली. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवाचे हे सात बोल.

1. नोकरी विकली जाऊ देऊ नका

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी भरती जॉबरच्या हातात असे. काम हवं तर आधी दस्तुरी द्या. 1931 साली व्हिटली आयोगाने भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे सोपवावी अशी शिफारस केली. आपल्या खुर्चीच्या जन्मामागे ही लाचखोरी मोडण्याचा हेतू होता, हे विसरू नये. आज जॉबर नाहीत, पण ‘कामाला लावून देतो’ म्हणत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या पोरांचा पहिला पगार खिशात घालणारे आहेत. नव्या मुलाला रुजू करून घेताना मी ठेकेदाराच्या माणसाला बाहेर थांबवते आणि विचारते, “इथे लागायला कुणाला काही दिलंस का?” उत्तर ‘हो’ आलं, तर पैसे परत करायला लावणं हे माझंच काम असतं.

2. सहीच्या आधी कागद कळू द्या

स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातले नोकरीचे नियम, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावले पाहिजेत, असं 1946 च्या कायद्याने सांगितलं. तरीही राजीनाम्याचा इंग्रजी मजकूर पुढे सरकवून ‘इथे सही कर, नाहीतर टर्मिनेट करू’ असं सांगितलं जातं. घाबरून केलेली सही म्हणजे संमती नव्हे. राजीनामा, समेटपत्र, कबुलीजबाब यांतला प्रत्येक कागद मी मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवते, घरी नेऊन विचार करायला वेळ देते आणि त्याची प्रत हातात ठेवते. कोऱ्या कागदावर सही कधीच घेत नाही.

3. 240 दिवसांचा खेळ खेळू नका

वर्षभरात 240 दिवस काम भरलं की कामगाराची सेवा सलग मानली जाते. मग त्याला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागते. हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. हे टाळायला काय करतात, ते औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे. सात महिने झाले की ‘ब्रेक’. थोड्या दिवसांनी तोच मुलगा, तेच मशीन, फक्त कार्ड नवं. माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे हक्क नाकारण्याला महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा म्हटलं, तरी हे चालत राहिलं.

अशा मुलाला बँक कर्ज देत नाही, त्याचं लग्न अडतं, आजारी पडला तरी तो कामावर येतो. कारखान्याचंही नुकसान होतंच. प्रेस शॉपवर हात शिकतो न शिकतो तोच माणूस बदलतो, रिजेक्शन वाढतं आणि बोटं जातात ती बहुधा नवख्यांची. म्हणून मनुष्यबळाची मागणी आली की मी पहिला प्रश्न विचारते, हे काम बारा महिने चालणार आहे का? चालणार असेल, तर ती कायम जागा आहे. तशी ती मंजूर करून घेण्यासाठी आकडे मांडून भांडायला हवं.

4. तक्रार ‘मिटवू’ नका

1997 च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, 2013 मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे. कागदावर समिती सगळीकडे असते. खरी परीक्षा ‘माणूस कामाचा आहे, जरा मिटवून टाका’ असा फोन येतो तेव्हा असते.

समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होऊ शकतो, आणि पैसे देऊन समेट करायला कायद्याने मनाई आहे. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितलं, तर बदली किंवा रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. तिच्या इच्छेविरुद्ध तिलाच दुसऱ्या विभागात हलवणं ही शिक्षा झाली. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असं होत नाही. हे वाक्य मी प्रत्येक समितीला आधी सांगते.

ठेकेदाराकडच्या हाउसकीपिंगच्या मावश्या आणि कँटीनमधल्या बायका यांनाही हा कायदा लागू आहे. समितीची नावं ज्या फलकावर लावतात, तिकडे त्यांचं जाणंच होत नाही. म्हणून त्यांची बैठक त्यांच्या शिफ्टच्या वेळेत आणि त्यांच्या भाषेत घ्यावी.

5. वचन देण्याआधी थांबा

“मॅडम, कुणाला सांगू नका” असं म्हणून माणूस बोलायला लागतो. ऐकण्याआधीच ‘नाही सांगणार’ म्हणू नये. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला बोलावंच लागेल, हे आधी स्पष्ट करावं. बाकी जे कळतं ते आपल्याजवळच राहावं. आजारपणाचे कागद सुपरवायझरच्या टेबलावर जाता कामा नयेत. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला 2017 च्या कायद्याने बंदी केली आहे, हे वैद्यकीय तपासणीची यादी मंजूर करताना लक्षात ठेवावं.

6. गेलेल्या माणसाच्या घरी आपण जावं

कायम कामगाराला पाच वर्षं झाल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, एवढं सर्वांना माहीत असतं. कामगाराचा मृत्यू झाला तर ही अट लागत नाही, हे त्याच्या बायकोला कोण सांगणार? हिशेब सोपा आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये, सेवा दहा वर्षं. 26 ने भागून 15 दिवसांचे 12,000, म्हणजे एकूण 1,20,000. याशिवाय भविष्य निर्वाह निधी, विधवा पेन्शन आणि त्या निधीशी जोडलेल्या ईडीएलआय विम्याची रक्कम. हा विमा सात लाखांपर्यंत असू शकतो, आणि त्याचं नावही बहुतेक घरांनी ऐकलेलं नसतं.

“साहेब म्हणाले, पीएफ मिळेल तेवढाच,” असं म्हणत आलेल्या बाईला मी फॉर्म भरून दिले आहेत. अर्ज आला तर बघू, ही भूमिका नियमात बसेलही, पण तिच्या हक्काचे पैसे त्यात बुडतात. नामनिर्देशन जिवंतपणी नीट करून घ्यावं. लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर बदलून घ्यायची आठवण आपण करावी.

7. नकार लेखी द्या

तोंडी सूचना नेहमी अंधुक असते. ‘त्याला काढायचं बघा’ असा निरोप आला, तर मी ई-मेलने विचारते, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या प्रक्रियेने? पुष्कळ सूचना तिथेच मागे घेतल्या जातात. उरलेल्यांना नकार देताना तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता नियम मोडतो, कुणाचं काय नुकसान होतं आणि काम व्हायला दुसरा रस्ता कोणता. तिसरी गोष्ट विसरू नये, कारण व्यवस्थापनाची अडचणही पुष्कळदा खरी असते.

एवढं करूनही कधी नोकरी पणाला लागते. म्हणून नव्या मुलामुलींना मी कायद्याच्या पुस्तकाआधी एक साधा सल्ला देते. पगार सुरू झाला की सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला साठवा, मग गाडीचा हप्ता घ्या. ज्याला उद्याच्या हप्त्याची भीती आहे, त्याच्याकडून दुसऱ्याच्या नोकरीचं रक्षण होत नाही.