किनाऱ्याची लांबी आणि वाकडेपणाचे गणित

हैदराबादच्या आबिड्स भागात दर रविवारी पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. अशा बाजारातील भूगोलाचे एखादे जुने पुस्तक चाळल्यास भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर दिलेली आढळते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात मात्र ती ११,०९८.८१ किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा आकडाही ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटरवर गेला आहे. किनारा एवढा वाढला कसा, असे विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने काय सांगावे?

किनारा वाढला नाही. मोजण्याचे माप बारीक झाले, हेच त्याचे मुख्य उत्तर होय. जुनी मोजणी १९७० च्या दशकात पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती. त्या प्रमाणात कोकणातील लहान खाड्या व भूशिरे सरळ रेषेत लोप पावतात. नवी मोजणी अडीच लाखांस एक या प्रमाणावर झाली. वळणे अधिक दिसू लागली आणि लांबी वाढली. ब्रिटनच्या किनाऱ्याविषयी हाच प्रश्न गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये मांडला. अशा आकृतींना पुढे ‘फ्रॅक्टल’ हे नाव मिळाले.

याचे शुद्ध उदाहरण स्वीडनचे गणितज्ञ हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ मध्येच दिले होते. एका रेषेचे तीन समान भाग करावेत. मधला भाग पुसून तेथे तेवढ्याच लांबीच्या दोन बाजूंचे टोक काढावे. मग प्रत्येक नव्या रेषेवर हीच कृती करावी. दर वेळी लांबी चार-तृतीयांश पट होते. दहा वेळा केल्यास ती मूळच्या सुमारे अठरा पट भरते. कृती अखंड चालू ठेवल्यास लांबीला अंतच राहत नाही. म्हणून अशा रेषेची लांबी न सांगता तिची ‘मिती’ सांगतात. साध्या रेषेची मिती १, पृष्ठभागाची २, तर कॉख यांच्या रेषेची सुमारे १.२६ असते.

येथे दुसरा प्रश्न उद्भवतो. सरळ वर्तुळाला ताण देऊन अशी वेडीवाकडी रेषा बनविता येईल काय? मर्केटर यांच्या १५६९ च्या नकाशात कोन कायम राहतात. अशा चित्रणाला कोनरक्षी म्हणतात. कोन थोडे बिघडू दिले, परंतु कोठेही सूक्ष्म वर्तुळाची लंबवर्तुळाकृती ठरावीक मर्यादेपलीकडे लांबट होऊ दिली नाही, तर ते ‘क्वासीकन्फॉर्मल’, म्हणजे जवळजवळ कोनरक्षी चित्रण होय. सूक्ष्मातिसूक्ष्म पातळीपर्यंत जागोजागी वेगवेगळा ताण दिल्यास त्यातून वर्तुळाची फ्रॅक्टल रेषा होऊ शकते. मात्र ताणाला मर्यादा असेल, तर वाकडेपणालाही मर्यादा राहते. लंबवर्तुळाची लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक नसेल, तर रेषेची मिती १.११ च्या फारशी पुढे जात नाही. कारी अस्ताला यांनी १९९४ मध्ये मांडलेला हा अंदाज स्तानिस्लाव स्मिर्नोव यांनी सिद्ध केला. त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गणितज्ञांची जागतिक परिषद भारतात प्रथमच, हैदराबाद येथे भरली. तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते स्मिर्नोव यांना तेथे फील्ड्स पदक देण्यात आले. ते सांख्यिकीय भौतिकीतील कोनरक्षी गुणधर्मांच्या सिद्धतेबद्दल होते.

या विचाराचा व्यवहारात उपयोग आहे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा खर्च नकाशावरील आकड्यावरून काढल्यास गावाच्या वाट्याला अपुरे काम येण्याचा संभव असतो. म्हणून लांबी लिहिताना तिच्याशेजारी नकाशाचे प्रमाणही लिहिणे इष्ट होय. शिक्षकांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर कर्कटकाचे अंतर प्रथम दोन, मग एक व शेवटी अर्धा सेंटिमीटर ठेवून विद्यार्थ्यांकडून किनारा मोजून घ्यावा. मिळणारे तीन निरनिराळे आकडे चुकीचे नसून तीन मापांची ती तीन खरी उत्तरे आहेत, हे मुलांना आपोआप उमगेल.