कल्याणच्या पुढे



कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तुम्ही कधी बसला आहात का? विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. अर्ध्या तासाच्या आतला प्रवास. खिडकीतून पाहिले तर सगळीकडे सारखेच दिसते : उंच इमारती, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळणारे कपडे. पाटी वाचली नाही, तर एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे कळत नाही. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी याच खिडकीतून तीन अगदी निराळी गावे दिसत. एक निर्वासितांचे, एक कारखान्यांचे आणि एक भातशेतीचे. ती आज सारखी कशी दिसू लागली, ते आपण पाहणार आहोत.

आधी दोन शब्द पाहू. 'बदल' हा शब्द मराठीने अरबी-फारसीकडून घेतला. तुमच्या उर्दूतही तो आहे. 'वस्ती' हा दुसरा शब्द. तो ऐकला की तुम्हांला 'बस्ती' आठवेल. ही दोन्ही रूपे मात्र संस्कृतातून आलेली आहेत. म्हणजे 'वस्तीतील बदल' एवढे दोनच शब्द उच्चारले, तरी त्यात दोन वाटांनी आलेले पाहुणे एकत्र बसलेले असतात. वस्त्यांचेही असेच असते.

आता उल्हासनगरला उतरू.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर इंग्रज सरकारने सैनिकांसाठी मोठी छावणी उभारली होती. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, सैनिक गेले आणि बराकी ओस पडल्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तेथील हिंदू सिंधी कुटुंबे कराचीहून जहाजाने, कोणी रेल्वेने, भारतात आली. त्यांतील सुमारे लाखभर माणसांना या बराकींत आसरा मिळाला. एका लांबलचक बराकीत अनेक कुटुंबे राहत. मध्ये भिंत नव्हती. गोणपाटाचा पडदा लावला की झाले घर! ८ ऑगस्ट १९४९ रोजी भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. उल्हास म्हणजे आनंद. घरदार सोडून आलेल्यांच्या गावाला असे नाव!

छावणीचे पाच भाग होते. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात. छावणी जाऊन किती वर्षे झाली, पण शब्द अजून तेथेच मुक्कामाला आहे.

काही वर्षांपूर्वी तेथील एका कापडाच्या दुकानात मी गेलो होतो. दुकानातील वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. लांबून मला वाटले, ते उर्दू वाचत आहेत. जवळ जाऊन पाहिले, तर अक्षरे ओळखीची आणि तरी शब्द कळेनात. ती सिंधी भाषा होती. मी विचारले, "साईं, ही लिपी तर आमचीच दिसते." ते हसले आणि म्हणाले, "मास्टरजी, बसा. अर्धी तुमची, अर्धी आमची." मग त्यांनी बोटाने एकेक अक्षर दाखवले. सिंधीच्या लिपीत ५२ अक्षरे आहेत. उर्दूत 'भ' लिहायचा तर आपण 'बे'ला दोचश्मी 'हे' जोडतो. सिंधीत 'भ'साठी खाली चार टिंबे असलेले स्वतंत्र अक्षर आहे. 'बे'खाली एक टिंब असते हे तुम्हांला ठाऊक आहे. सिंधीत एकाखाली एक अशी दोन टिंबे असलेले आणखी एक अक्षर आहे. त्याचा उच्चार करायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा दुकानातील नोकर हसला.

ते गृहस्थ सहा वर्षांचे असताना आईच्या कडेला बसून जहाजातून आले होते. ते म्हणाले, "आता हे वर्तमानपत्र माझ्यामागे कोणी वाचणार नाही. माझ्या नातवंडांना इंग्रजी येते, हिंदी येते, मराठीही येते. हे येत नाही." सिंधी भाषेला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण घरात वाचणाराच उरला नाही, तर अनुसूची काय करणार? मित्रांनो, वस्ती बदलते म्हणजे केवळ घरे बदलत नाहीत. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरेही बदलतात.

या लोकांनी हात पसरले नाहीत. कोणी रेल्वेच्या डब्यात गोळ्या व पेन्सिली विकल्या, कोणाच्या घरी बायका पापड लाटू लागल्या. बराकीच्या पुढच्या भागात दुकान आणि मागच्या भागात घर असे सुरू झाले. पुढे गजानन मार्केट आणि जपानी बाजार कापडासाठी प्रसिद्ध झाले. फर्निचरचा बाजार वाढला. लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबून लोक येऊ लागले. येथे बनलेल्या वस्तूंवर 'मेड इन यू.एस.ए.' असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. नंतर जीन्स पँट शिवण्याचे काम एवढे वाढले, की नव्या फॅशनची पँट मुंबईच्या मोठ्या दुकानात दिसली की थोड्याच दिवसांत ती येथे निम्म्या किमतीत मिळे. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून कारागीर आले. सिंध्यांची छावणी अनेक भाषा बोलू लागली.

मात्र जागा तेवढीच होती. सुमारे १३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार त्या जागेत पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. बराकी पाडून इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळ इमारतींना परवानगी नव्हती. २००० नंतरच्या काळात ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पाडापाडी सुरू झाली, तेव्हा हजारो कुटुंबांच्या तोंडचे पाणी पळाले. शेवटी शासनाने २००६ साली अशी बांधकामे दंड घेऊन नियमित करण्यासाठी उल्हासनगरपुरता वेगळा कायदा केला. कागद नियमित झाला, तरी त्यामुळे सिमेंट मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे मेली. बांधणारा पैसे घेऊन केव्हाच निघून गेलेला असतो. ज्याने आयुष्याची कमाई देऊन खोली घेतली, तोच त्या स्लॅबखाली झोपतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती वालधुनी नदीची. ही लहानशी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, उल्हासनगरातून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. जीन्स धुण्याच्या व रंगवण्याच्या कारखान्यांचे पाणी नाल्यांतून या नदीत येई. कधी निळे, कधी काळे. रासायनिक कारखान्यांचे पाणीही होतेच. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस कोणीतरी रात्री टँकरमधून रसायन ओतले. त्याच्या वायूने काठावरील रहिवाशांचा श्वास कोंडला. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. न्यायालयात दावे झाले. राष्ट्रीय हरित लवादाने कठोर भूमिका घेतली. २०१८ च्या सुमारास जीन्स धुण्याचे शेकडो कारखाने बंद करण्यात आले.

नदीच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण त्या वर्षी आमच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आला नाही. त्याचे वडील अशाच एका कारखान्यात कामाला होते. काम गेले, भाडे थकले आणि कुटुंब गावी निघून गेले. त्याची मराठीची वही माझ्याकडे तपासायला होती. ती अजून माझ्या कपाटात आहे. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा पहिल्याच दिवशी बसवली असती, तर नदीही वाचली असती आणि मजुरीही, असे मला वाटते. तेव्हा तो खर्च कोणाला करावासा वाटला नाही. नंतर त्याची किंमत भरली, ती ज्यांचा नफ्यात वाटा नव्हता त्यांनी.

पुढचे स्थानक अंबरनाथ. याच वालधुनीच्या काठी येथे काळ्या दगडाचे जुने शिवमंदिर आहे. त्यातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असा काळ आहे. कोकणात तेव्हा शिलाहार राजे राज्य करीत होते. बाहेरच्या भिंतींवरील मूर्तींचे कोरीव काम पाहायला अभ्यासक आजही येतात. त्या मंदिराने साडेनऊशे वर्षे नदी पाहिली आहे. त्यातली शेवटची पन्नास-साठ वर्षे त्याला आवडली नसणार.

एकोणीसशे वीसच्या दशकात अंबरनाथला काडेपेटीचा मोठा कारखाना निघाला. त्याचे नाव वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. लोक तिला 'विम्को' म्हणत. मग रसायनांचे कारखाने आले, संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आली, औद्योगिक वसाहत आली. भोंगा वाजला की घराघरांतून डबे घेतलेली माणसे निघत. गावाचे घड्याळ म्हणजे तो भोंगा. पुढे काडेपेटीचा कारखाना बंद पडला. दुसरे काही कारखाने चालू आहेत, पण आज अंबरनाथमध्ये सकाळी लोक कारखान्याकडे जाण्यापेक्षा स्थानकाकडे अधिक धावतात. कामाचे गाव आता झोपायचे गाव झाले आहे.

आणि बदलापूर? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे ६८ किलोमीटरवर आहे. कल्याणपासून या मार्गाने पुढे जाणारी रेल्वे १८५६ साली सुरू झाली. येथे पूर्वी प्रवासी व सैनिक थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून हे 'बदलापूर', असे गावकरी सांगतात. गोष्ट छान आहे. तिला लेखी पुरावा मागू नये. येथे भातशेती होती आणि जांभळाची झाडे होती. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बायका पानांच्या द्रोणात जांभळे घेऊन स्थानकाबाहेर बसत. या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन मिळाले तेव्हा झाडे किती उरली होती, हे विचारू नका.

हे गाव का बदलले, याचे उत्तर बदलापुरात नाही. ते मुंबईच्या परळ-लालबाग भागात आहे. तेथे कापडाच्या गिरण्या होत्या, म्हणून त्याला गिरणगाव म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो चिघळला आणि अनेक गिरण्या पुन्हा नीट चालूच झाल्या नाहीत. पुढे त्या जमिनींवर काचेची कार्यालये, उंच मनोरे आणि झगमगीत दुकाने उभी राहिली. फिनिक्स मिलच्या आवारात आता लोक खरेदीला जातात. लंडनमध्येही असेच झाले. जुन्या गोद्या बंद पडल्या आणि तेथे बँकांचे मनोरे आले. भाग झोकदार झाला की जागेचा भाव वाढतो. चाळीतल्या एका खोलीत वाढलेल्या तीन भावांना त्याच भागात दुसरी खोली घेता येत नाही. मग एक भाऊ डोंबिवलीला जातो, दुसरा अंबरनाथला, तिसरा बदलापूरला. परळला आरशासारखी काच बसते, तेव्हा बदलापूरच्या शेतात खांब उभा राहतो.

२००१ साली बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या थोडी खाली होती. दहा वर्षांत ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. नव्या गृहसंकुलांना कमान असते, पोहण्याचा तलाव असतो आणि बहुधा जे झाड तोडले त्याचेच नाव असते. सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, ती गोष्ट वेगळी.

मराठीत 'पूर' शब्दाचे दोन अर्थ आहेत. गावाच्या नावातील 'पूर' म्हणजे नगर. नदीला येतो तोही 'पूर'. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने बदलापूरला दुसरा अर्थ शिकवला. २७ जुलै २०१९ रोजी पुन्हा तेच झाले. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. जुने शेतकरी नदीकाठच्या सखल जमिनीत भात लावत, पण घर बांधत नसत. नदी कुठपर्यंत येते, हे त्यांना माहीत होते. नव्या नकाशात ती जमीन रिकामी दिसली.

मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या मोहल्ल्यातील सर्वांत वयस्कर माणसाकडे जा. त्यांना दादा, नाना, आपा, खाला जे म्हणत असाल ते म्हणा आणि विचारा, "आपली शाळा आहे तेथे पूर्वी काय होते?" उत्तर उर्दूत मिळेल. ते मराठीत लिहून आणा.

स्वाध्याय

१. उल्हासनगरच्या पत्त्यांत 'कॅम्प' हा शब्द का येतो?

२. वृद्ध सिंधी गृहस्थांना कशाची खंत वाटत होती? तुमच्या शब्दांत सांगा.

३. जीन्सचे कारखाने बंद करणे योग्य होते का? नदीकाठी राहणारा एक रहिवासी आणि कारखान्यातील एक कामगार यांचा संवाद लिहा.

४. 'तोंडचे पाणी पळणे' आणि 'हात पसरणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

५. 'तालीम', 'बाजू', 'इमारत', 'कारखाना' हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांपैकी कोणत्या दोन शब्दांचा अर्थ मराठीत बदलला आहे, ते शोधा.