“घरीच रायते” म्हणू नको

परवा रावेरीच्या रस्त्यावर एका बाईंनी तुला विचारलं, “काय करतं वं सध्या?” आणि तू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणालीस, “काही नाही, घरीच रायते.” मी बाजूलाच होते. चारचौघांत बोलायचं नव्हतं म्हणून गप्प बसले. आज दोघीच आहोत, तर बोलते.

बी.ए. झालीस. सासरहून परत आलीस त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दुकानं, शाळा, दवाखाने, सगळीकडे विचारून झालं तुझं. दिवाळीनंतर कापूस वेचाईला जातेस, पण ती भावाच्या वावरात, म्हणून तुझ्या किलोचे पैसे कुणी मोजत नाही. एवढं सगळं त्या “काही नाही”मध्ये गेलं गं.

सरकारी पाहणीत बेरोजगार कुणाला म्हणतात, सांगू? ज्याला काम नाही, पण जो काम शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, त्याला. “घरचंच बघते” म्हणणारी बाई त्या आकड्यात येतच नाही. ती श्रमबलाच्या बाहेरची. आणि वेचाईचं सांगितलंस, तर घरच्या शेतीत बिनमोबदला मदत करणारी म्हणून तुला कामावर असलेल्यांत धरतात. हिला मजुरीचं काम हवं आहे, हे दोन्हीकडे कुठेच उमटत नाही. आपल्या गावांत अशा किती जणी असतील, विचार कर.

हे तुझं कमी पडणं नाही. आपल्या आयांना पावसाळाभर निंदणाचं काम असायचं. चार-पाच जणी धुऱ्यावर डबे ठेवून ओळीनं बसायच्या, मजुरी हातात पडायची आणि मनातलं बोलणंही तिथंच व्हायचं. तणनाशक आलं आणि आठ दिवसांचं निंदण एका माणसाच्या पंपावर उरकू लागलं. ते काम गेलं तशी बायकांची ती बैठकही गेली. पोडावर, म्हणजे आपल्या वस्तीवर, राहणाऱ्या कोलाम आदिवासी बायांचं तर त्याहून अवघड. त्यांच्या हातचं काम गेलं तरी तालुक्याच्या गावात कळत नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. 1930च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली गिरणी बंद पडली. मारी याहोदा ही अभ्यासक आणि तिचे सहकारी तिथं गेले आणि त्यांनी लोकांची चालसुद्धा घड्याळ लावून मोजली. रिकामे पुरुष रस्त्यात थांबत, रेंगाळत चालायचे. वाचायला वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. बायका मात्र भरभर चालायच्या, कारण घरचं काम सुटलेलं नव्हतं. ते वाचलं तेव्हा मला आपल्याच बाया दिसल्या. तुझी चाल मंदावत नाही, म्हणून तुला काम नाही हे कुणाला दिसत नाही. पण तू मैत्रिणींच्या लग्नांना जाणं सोडलंस, हे मला दिसतं.

मलाही एका कार्यालयात पहिला प्रश्न आला होता, “नवरा कुठं असतो?” मी अर्ज तसाच घडी करून परत आले आणि पुढे वर्षभर तिकडे फिरकले नाही. ते वर्ष माझं गेलं, विचारणाऱ्याचं काहीच गेलं नाही. तू तसं करू नको.

रावेरीची सीता तुला ठाऊक आहे. तिथल्या देवळात ती एकटी आहे, शेजारी राम नाही. टाकलेली, पदरात दोन लेकरं, मूठभर गहू मागायला गावात गेली आणि गावानं दिले नाहीत, अशी आपल्याकडची कथा. शेतकरी नेते शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तो काही उगाच नाही. चांदवडला 1986 साली बायकांचं मोठं अधिवेशन भरवणारा आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून शेतकऱ्यांना सांगणारा माणूस तो. वेचणीच्या पहिल्या दिवशी आपण सीतादही करतो. वावरात तिचं नाव घेतो, पण सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत आहे?

म्हणून भाऊ कितीही चांगला असला तरी हक्कसोडपत्रावर घाईनं सही करू नको. वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. भांडायला जा असं मी म्हणत नाही. आधी कागद वाच, कुणाला तरी दाखव, मग ठरव. वावर नावावर असलं तर कर्ज मागता येतं, ठेक्यानं देता येतं, उद्या चार जणींना तूच काम देशील. आणि ‘लाडकी बहीण’चे पंधराशे मिळतात ते घे, पण “आता पैसे मिळतात ना” असं कुणी म्हणालं, तर ते काम नव्हे हे स्पष्ट सांग.

काम मागायला रोजगार हमी आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राचीच देणगी आहे. वि. स. पागे यांची कल्पना, 1972च्या दुष्काळानं तिला बळ दिलं, 1977 साली कायदा झाला. 2005 साली केंद्रानं कायदा केला आणि 2006 साली पहिल्याच टप्प्यात यवतमाळ जिल्हा आला. त्या कायद्याच्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या बाईलाही स्वतंत्र कुटुंब मानलं, म्हणजे नाव भावाच्या जॉबकार्डावरच हवं असं नव्हतं. मागणीपासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं, तर बेरोजगार भत्ता, हीही त्याच कायद्यातली तरतूद. योजनेचं नाव बदलो, कलमं बदलोत, बाई, एक सवय कायम ठेव: मागणी तोंडी करायची नाही, लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. पोच नसली की “तुम्ही आलाच नव्हता” म्हणतात.

बी.ए. झालेल्या मुलीनं मातीकामाचा अर्ज का द्यावा, असं तुझ्या मनात आलं असेल. मातीकामच कर असं नाही. कामाचा हिशेब ठेवायला, हजेरी लिहायलाही माणूस लागतो. बचतगटाच्या वह्या लिहिणारी बाई आपल्याकडे सापडत नाही, आणि तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. पण आधी काम मागणाऱ्यांच्या यादीत नाव यायला हवं.

सोमवारी सकाळी दहाला बसस्टँडवर ये, जॉबकार्डाचा अर्ज द्यायला जाऊ. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आण, अर्ज मी लिहून ठेवते. मी सोबत असेन. “नवरा कुठं असतो” असं कुणी विचारलं तर उत्तर देऊ नको. “मला काम पाहिजे” एवढंच म्हण, आणि पोच हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नको.