प्रतिकृती-विमान : पहिला धडा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विमाने कशाला बनवावीत, असे मित्र विचारतात. त्यांना आल्फोन्स पेनोचे उदाहरण द्यावेसे वाटते. १८७१ साली या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवले. शेपटीच्या आडव्या पंखांमुळे त्याचा तोल आपोआप सावरला जाई.

नवशिक्याने मात्र हातफेकीच्या ग्लायडरपासून आरंभ करावा. बाल्सा लाकूड उत्तम. ते नसल्यास बांबूची काडी व पातळ पुठ्ठा चालतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत तीन समान भाग कल्पावेत. पहिला भाग संपतो तेथे दोन्ही पंखांखाली बोटे टेकवली असता विमान आडवे स्थिरावले पाहिजे. मग वारा मंद असताना, गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून ते हलकेच सोडावे, भिरकावू नये.

माझे ग्लायडर नाक वर करून थबके आणि कोसळे. कारण पुस्तकात वाचले होते, पण उमगत नव्हते. कधी शाळेत न गेलेले माझे वडील बांधावरून पाहत होते. म्हणाले, "मागं ओझं झालंय, बैलगाडी उलाळते तसं. पुढं वजन दे." नाकाला मातीची गोळी चिकटवली. ग्लायडर बांध ओलांडून गेले. ते सरळ खाली झेपावू लागले, तर माती कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. अभ्यासातले वडिलांना काय विचारायचे, असे मला वाटे. आता विचारतो.