आधी केलेली कामं फुकट जातात का?

प्रश्न : मी लाखांदूर तालुक्यातला, वय 36. बारावीनंतर डी.एड. केलं, पण पास होऊन बाहेर पडलो तेव्हा शिक्षक भरतीच थांबली होती. मग नागपूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी केली. ते जमलं नाही म्हणून गावी येऊन फोटो-व्हिडिओचं दुकान टाकलं. लग्नं, बारशी, मंडईच्या जत्रेतले कार्यक्रम शूट केले. लॉकडाऊनमध्ये दुकान बसलं. सध्या राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. मला कुतूहल आहे ते असं : इतक्या वेळा दिशा बदललेल्या माणसाला पुढचा मार्ग सापडतो तरी कसा? आधीचं सगळं फुकट जातं का? आणि परीक्षेला आणखी एक वर्ष द्यावं का?
– एक वाचक, लाखांदूर

उत्तर : आधीचं फुकट जात नाही. मात्र ते आपोआप कामालाही येत नाही, कोणीतरी ते मुद्दाम जुळवावं लागतं. हे कसं घडतं ते पाहण्यासाठी एका माणसाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, पण तो चाळिशीपर्यंत काय काय करत होता हे सहसा कोणी सांगत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओ सुटला. नाटकांसाठी पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि आपलंच आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते करून दाखवले. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली आणि स्वदेशीच्या लाटेत सोडली. छपाईच्या धंद्यात शिरले, लोणावळ्याला छापखाना काढला, रंगीत छपाईचं तंत्र पाहायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला येत असतानाच भागीदारांशी बिनसलं आणि रिकाम्या हाताने बाहेर पडले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. नातेवाइकांच्या बैठकीत या माणसाबद्दल काय बोललं जात असेल याची कल्पना तुम्ही माझ्यापेक्षा चांगली करू शकाल.

1911 मध्ये मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पुढे काय करायचं ते त्यांना दिसलं. आता त्यांची जुनी कामं एकेक करून पुन्हा पाहा. कॅमेरा आणि रसायनं गोध्र्यात हाताखालून गेली होती. पडदे रंगवल्यामुळे देखावा कसा उभा करायचा ते ठाऊक होतं. देव प्रकट होणं, माणूस अदृश्य होणं या पडद्यावरच्या करामतींना जादूगाराची नजर लागते, ती होती. यंत्र आणायचं, जोडायचं, बिघडलं तर उघडायचं, हे छापखान्याने शिकवलं होतं. 1913 च्या 3 मे रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. चित्रपट करायला लागणाऱ्या इतक्या साऱ्या गोष्टी एका माणसाच्या हातात तेव्हा आल्या, कारण तो आधी इतक्या ठिकाणी भटकला होता.

पण मला या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग वेगळाच वाटतो. तो आहे वाटाण्याच्या रोपाचा. लंडनला जाऊन कॅमेरा आणण्यासाठी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. कॅमेरा आला, तरी अख्ख्या चित्रपटाला पैसे कोण देणार? मग त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित करत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात उलगडली. ही छोटी फिल्म त्यांनी ओळखीच्यांना आणि पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखवली, तेव्हा भांडवल सुटलं. सगळं पणाला लावण्याआधी त्यांनी एक स्वस्त, छोटी, डोळ्यांना दिसणारी गोष्ट करून पाहिली. आपल्याला हे जमतं का, याचं उत्तर त्यांना तिथे मिळालं आणि इतरांनाही.

हर्मिनिया इबारा या संशोधक बाईंनी चाळिशीच्या आसपास व्यवसाय बदलणाऱ्या माणसांचा अभ्यास करून 2003 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं याच्याशी मिळतंजुळतं आहे. आधी स्वतःला नीट ओळखा, मग मार्ग ठरवा, असा सल्ला सगळे देतात. प्रत्यक्षात माणसं आधी लहान लहान गोष्टी करून पाहतात आणि त्यातून त्यांना स्वतःची ओळख पटते. खोलीत बसून विचार करत राहिल्याने मार्ग सुचत नाही. मला हे पटतं, कारण विचार करताना आपल्यासमोर आपणच असतो, आणि आपल्याला फक्त मागचं माहीत असतं.

फाळक्यांच्या एकच वर्ष आधी जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही जे. जे. कलाशाळेचे. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि चित्रकाराची वाट तिथेच संपली. ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, शिकवू लागले, ती नोकरीही सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते. तरीही त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली 1910 मध्ये. इथे दिशा ठरवली ती एका बंद झालेल्या दाराने.

तुमच्या बाबतीतही पहिलं दार तुम्ही बंद केलेलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. 2012 नंतर राज्यात शिक्षक भरती जवळपास थांबली आणि भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी घेतली गेली ती थेट 2017 च्या डिसेंबरात. मधल्या काळात डी.एड. झालेल्या हजारो मुलामुलींनी हाच घाव सोसला. लॉकडाऊनही तुमचा दोष नव्हता. तुमच्या पत्रात ‘जमलं नाही’ हे शब्द ज्या सुरात आले आहेत, तो सूर मला लागला. तो काढून टाका. पुढचा विचार त्याशिवाय सरळ होणार नाही.

आता हातात काय आहे ते बघू. प्रमाणपत्रं बाजूला ठेवा आणि कामं मोजा : समोरच्याला समजेल असं सांगणं, कॅमेरा आणि एडिटिंग, गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल करणं, धानाचा भाव, ओलावा, तुकडा, कोंडा यांचा रोजचा हिशेब. या चारही गोष्टी येणारा माणूस तुमच्या तालुक्यात मला वाटतं फार नसेल. यातल्या दोन एकत्र येतील असा वाटाणा पेरा. उदाहरणार्थ, एचएमटी हा तांदूळ तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केला. नागपूर-पुण्यात राहणाऱ्या आपल्या झाडीपट्टी भागातल्या माणसाला तो गावाकडचा, खात्रीचा हवा असतो. अन्न सुरक्षेची नोंदणी करून दहा-पंधरा घरांना एका हंगामात पोचवून बघा, आणि तो तांदूळ कुठल्या बांधीतला, हे रोवणीपासून शूट करून दाखवा. किंवा दुसरं : वडसा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. दिवाळीनंतर तिथल्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो, गावोगावी रात्र रात्र प्रयोग चालतात. एका कंपनीशी बोलून एका हंगामापुरतं त्यांचं चित्रण आणि जाहिरात हाती घ्या. जमलं नाही तरी जाईल ते थोडंच.

झाडीपट्टीत एकाच माणसाने दोन कामं करणं नवं नाही, हेही विसरू नका. पावसाळ्यात चिखलात उभे राहून रोवणी करणारे कितीतरी जण हिवाळ्यात तोंडाला रंग लावून राजा होतात. गडचिरोली जिल्ह्यातले डॉ. परशुराम खुणे शेती करत करत याच रंगभूमीवर हजारो प्रयोग उभे करत आले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘एकच काहीतरी धर’ हा घरच्यांचा आग्रह मायेचा असतो, पण आपल्या भागातलं जगणं त्या आग्रहात कधीच बसलेलं नाही.

बोलायचं कोणाशी, हाही प्रश्न येईल. जवळचे मित्र बहुतेक तेच सांगतील जे तुम्हाला माहीत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं, की नव्या कामाची खबर बरेचदा लांबच्या ओळखीतून येते, कारण त्या माणसाचं वर्तुळ निराळं असतं. मिलवर येणारे गोंदियाचे व्यापारी, ट्रकवाले, जुने लग्नवाले गिऱ्हाईक, नागपूरच्या खोलीतला आज कुठेतरी नोकरीला लागलेला सोबती, यांना फोन करा. सल्ला मागू नका. तुमच्याकडे कशाची अडचण होते, एवढंच विचारा.

किंमतही सांगायला हवी. फाळक्यांच्या चित्रपटासाठी त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री फिल्मवर काम करायच्या त्याही त्याच. आणि पुढे खुद्द फाळके 1944 मध्ये नाशिकला गेले ते हलाखीत. तेव्हा मिलची नोकरी एवढ्यात सोडू नका, आणि घरातलं सोनं काढू नका. किती रक्कम आणि किती महिने द्यायचे, हे घरच्यांसोबत बसून वहीत लिहून ठेवा. जिल्हा उद्योग केंद्राच्या कर्जयोजना आहेत, पण त्यांच्या दारात जायचं ते छोटा प्रयोग यशस्वी झाल्यावर.

राहिला परीक्षेचा प्रश्न. माझं मत : राज्यसेवेसाठी पूर्णवेळ अभ्यासाचं आणखी एक वर्ष देऊ नका. वयोमर्यादेत बसत असाल आणि मन मागे ओढत असेल, तर नोकरी सांभाळून एकदा अर्ज भरा, परीक्षेची तारीख लागली की ती शेवटची समजा. शिक्षकाची अभियोग्यता चाचणी मात्र पुढे जेव्हा होईल तेव्हा जरूर द्या. त्या अभ्यासाला सकाळचा दीड तास पुरेल, आणि डी.एड. तुमच्या हातात आहेच.