गाडी उचलली, पण आता टायर खाते

प्रश्न : माझी जुनी थार सीआरडीई आहे. खाचराकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात गाडीचं पोट घासायचं, म्हणून गाडी उचलून घेतली. पुढचे टॉर्शन बार आवळले, मागे लांब शॅकल टाकल्या, टायर एक माप मोठे घातले. घासणं थांबलं. पण आता पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा झिजतात, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, आणि ताम्हिणी घाट उतरून सरळ रस्ता लागला की गाडी तरंगते. कंप्युटर अलाइनमेंट केलं, स्क्रीनवर हिरवं आलं. तरीही तेच. फिटर म्हणतो, उचललेल्या गाडीचं अलाइनमेंट कधी बसतच नाही. खरं का? — एक वाचक, माले (ता. मुळशी)

उत्तर : बसतं. पण तुमच्या गाडीचं अजून झालेलंच नसावं. स्क्रीनवर हिरवं आलं, हे खरं. प्रश्न असा, की कशाचा आकडा हिरवा आला?

अलाइनमेंट म्हणजे एक माप नव्हे, निदान तीन मापं. गाडीसमोर उभं राहून पाहिलं, तर चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलंय, तो कॅम्बर. वरून पाहिलं, तर दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे वळलीत की फाकलीत, तो टो. आणि बाजूने पाहिलं, तर ज्या अक्षावर चाक वळतं तो अक्ष मागे किती कललाय, तो कास्टर. यांतला टो जवळजवळ प्रत्येक गाडीत टाय रॉड फिरवून बदलता येतो. उरलेली दोन मापं बदलायची सोय कंपनीने दिली असेल तर असते, नाहीतर नाही. कंप्युटर फक्त मोजतो. फिरवायचं काम पान्याचं, आणि पाना जिथे लागतो तिथेच तो चालणार. म्हणून बऱ्याच दुकानांत टो जुळवतात, तेवढाच हिरवा झालेला दाखवतात आणि पावती फाडतात. न उचललेल्या गाडीला तेवढं पुरतंही; तुमच्या गाडीला पुरत नाही.

आता उचलल्याने बिघडतं काय, ते पाहू. तुमच्या थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वरखाली होतं. आर्मचं एक टोक चॅसिसला खिळलेलं, म्हणून दुसरं टोक सरळ खाली जात नाही, कमानीत फिरतं. समजा खालचा आर्म ३५० मिमी लांब आहे, वरचा २५०, आणि दोन्ही सुरुवातीला आडवे आहेत. चॅसिस ५० मिमी वर गेली, की खालच्याचं टोक साधारण साडेतीन मिलिमीटर आत येतं आणि वरच्याचं पाच. चाकाचा माथा तळापेक्षा दीड मिलिमीटर जास्त आत ओढला गेला, झाला कॅम्बर. खऱ्या गाडीत आर्म आधीपासूनच तिरके असतात, त्यामुळे चाक आत झुकेल की बाहेर हे गाडीगणिक बदलतं. पण बदलतं, एवढं नक्की. टाय रॉडही असाच स्वतःच्या कमानीत खाली जातो. त्याची कमान आर्मच्या कमानीशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून टोही हलतो.

दोन-तीन मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. हिशेब करून पाहा. टायरचा व्यास ७५० मिमी धरा आणि प्रत्येक चाकाचं नाक त्याच्याच मागच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर बाहेर फाकलंय असं समजा. असं चाक एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे पावणेतीन मीटर आडवं घासलं जातं. शंभर किलोमीटरला पाव किलोमीटरहून जास्त रबर आडवं खरवडलं. दोन्ही टायर आतूनच खाल्ले जात असतील, तर पहिला संशय या फाकलेल्या टोवर, दुसरा आत झुकलेल्या कॅम्बरवर. कोणता, ते तळहात सांगतो. टायरवरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोटांना टोचणाऱ्या कडा लागल्या, तर टो. कडा लागत नाहीत, नुसतीच आतली बाजू सपाट झालीय, तर कॅम्बर. अलाइनमेंट करूनही आतली कड जात असेल, तर तुमच्याकडे बहुधा हा दुसरा प्रकार आहे.

टॉर्शन बारबद्दल एक गैरसमज सर्वत्र ऐकू येतो : बार आवळला की स्प्रिंग कडक होते. होत नाही. हा बार म्हणजे पिळल्यावर उलटा जोर देणारी पोलादी सळई. तिचं एक टोक चाकाच्या आर्मला, दुसरं चॅसिसला. बोल्ट आवळून तुम्ही फक्त तिची सुरुवातीची जागा बदलता. तिचा कडकपणा तिच्या लांबीवर आणि जाडीवर ठरतो, तो तोच राहतो. मग आवळल्यावर गाडी दणके का देते? चाकाला खाली लोंबकळायला जी जागा होती ती तुम्ही उचलण्यातच खर्च केलीत, म्हणून. खड्डा आला की चाक खाली जायला जातं आणि लगेच अडतं. शॉक अब्जॉर्बर जुन्याच लांबीचा असेल, तर तोही त्याच वेळी पूर्ण ताणलेला असतो. आवळायला पैसे लागत नाहीत, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. खर्च नंतर टायर आणि बॉल जॉइंटच्या बिलात येतो.

आता स्टिअरिंग परत न येण्याकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो; हात सोडूनही ती सरळ धावते, त्यात त्याचा वाटा असतो. मोटारीत तेच काम कास्टर करतो. तो कमी झाला की वळणानंतर चाकाला सरळ व्हायची ओढ राहत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते. तुमच्या तक्रारीतली शेवटची दोन लक्षणं म्हणजे कास्टर हरवल्याचं वर्णन.

तो गेला कुठे? माझा संशय मागच्या शॅकलींवर, म्हणजे पाट्याच्या स्प्रिंगचं एक टोक चॅसिसला टांगणाऱ्या दुव्यांवर आहे. पुढच्या अलाइनमेंटचा मागच्या पाट्यांशी काय संबंध, असं फिटरही विचारील. संबंध सरळ आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा जास्त उठला, की अख्खी चॅसिस नाकावर झुकते आणि चाक वळायचा अक्षही तेवढाच पुढे झुकतो. तुमच्या थारच्या दोन एक्सलमधलं अंतर २.४३ मीटर. मागची बाजू पुढच्यापेक्षा ४० मिमी जादा उठली, तर जवळजवळ एक अंश कास्टर गेला. आणि मुळात तो मोजक्याच अंशांचा असतो. शेपूट वर आणि नाक खाली अशी जीप ऐटदार दिसते, यात वाद नाही. जाता जाता : १०० मिमी लांब शॅकल घातली तर मागचा भाग सुमारे ५० मिमीच उठतो, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागीच असतं. दुकानदार शॅकलची लांबी सांगतो, उंची तुम्हीच मोजायची.

शेजाऱ्याच्या गाडीचा उपाय आपल्या गाडीला लावू नका. थार डीआय आणि जिप्सी यांना पुढेही अखंड एक्सल आणि पाटे आहेत. तिथे कॅम्बर एक्सलमध्येच ठरलेला असतो, उचलल्याने तो जवळजवळ हलत नाही. पण ज्या जीपमध्ये पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे, तिथे ती लांब केली की एक्सल पुढे कलतो आणि कास्टर जातो. तो पाटा आणि एक्सल यांच्यात पाचरीसारखी शिम घालून परत आणतात. जिम्नीला अखंड एक्सल, पण कॉइल स्प्रिंग. ती उचलली की कास्टर तर कमी होतोच, शिवाय एक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड अख्खा एक्सल एका बाजूला सरकवतो. त्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड मिळतो. २०२० सालच्या नव्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल, मागे अखंड एक्सल आणि कॉइल.

दुकानात जाण्याआधी दोन मापं घरीच घ्या, सपाट जागेवर, चारही टायरमध्ये सारखी हवा भरून. (रविवारी चिखलात हवा कमी केली आणि सोमवारी तशीच गाडी अलाइनमेंटला नेली, असे भाविक कमी नाहीत.) पहिलं : पुढच्या दोन्ही टायरवर मधोमध खडूने खूण करा, खुणा पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर आणा आणि टेपने दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी हळूच ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर न्या आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर जास्त भरलं, तर चाकं फाकलेली आहेत. टेप धरायला दुसरा माणूस हवा. एकट्याने केलं की दोन-तीन मिलिमीटर हातातच जातात. दुसरं : चाकं सरळ ठेवून डाव्या बाजूचं पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर आणि तसंच उजव्या बाजूचं. त्यात ठळक फरक असेल, तर मागचा एक्सल तिरका बसलाय. पाट्याचा मधला बोल्ट आणि यू-बोल्ट आधी तपासा. मागच्या अखंड एक्सलला अलाइनमेंट नसतं, असं म्हणतात, ते जुळवण्यापुरतं खरं आहे. बिघडायला तो मोकळाच असतो.

वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो बहुधा बॅलन्सिंगचा विषय, अलाइनमेंटचा नव्हे.

दुकानात गेल्यावर टो, कॅम्बर आणि कास्टर या तिन्हींचे, दोन्ही चाकांचे, आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. जुळवताना कास्टर आणि कॅम्बर आधी, टो शेवटी. कारण पहिली दोन हलवली की टो पुन्हा हलतो. आर्मच्या बोल्टजवळ शिम किंवा कॅम बोल्टने जेवढं परत येईल तेवढं आणायचं, न आल्यास वरचा आर्म बदलावा लागतो. आर्मचे आणि शॅकलचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, वजन गाडीवर, मगच. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो. नवे भाग काही दिवस चालून बसले, की पुन्हा एकदा मोजून घ्या.

एक न विचारलेली गोष्टही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेविरुद्धचे बदल अमान्य ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीखाली वाकून पाहणार, हे धरून चाला.

तेव्हा तुमच्यासाठी माझा क्रम असा : मागच्या लांब शॅकल काढून मूळच्या लावा, टॉर्शन बार खाचराच्या वाटेपुरता ठेवून बाकीचा सैल करा, दोन्ही बाजूंची उंची टेपने सारखी करा, आणि मगच अलाइनमेंटला जा. नवे टायर त्यानंतर घ्या, आधी नाही.