हलकं, पण कच्चं नव्हे



सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना त्या भागातल्या पवनचक्क्या आपण पाहतो. मुलं विचारतात, एवढं लांब पातं वाऱ्यात मोडत कसं नाही? आज त्याचाच अभ्यास करू.

अशा बऱ्याच पात्यांच्या पोटात बाल्सा नावाचं लाकूड असतं. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येतं. नात्यानं आपल्या काटेसावरीच्याच कुळातलं. सागवानाचा एक घनफूट साधारण १८ किलो भरतो, बाल्साचा साडेचार किलोच्या आसपास!

*हलकं का?*
लाकूड म्हणजे बारीक उभ्या नळ्यांची जुडी. बाल्साच्या नळ्या मोठ्या, भिंती पातळ. जिवंत झाडात त्यांत पाणी असतं. लाकूड भट्टीत वाळवलं की पाणी जातं, हवा उरते. भिंतींचा पदार्थ मात्र सागवानातलाच. बाल्सात तो जेमतेम दहावा हिस्सा.

*मग ताकद कुठली?*
रचनेची. घरी करून बघा. वहीच्या कागदाची सुरळी चिकटवून उभी करा, वर एक पुस्तक ठेवा. पेलते. तीच सुरळी आडवी ठेवा, चपटी होते. बाल्साचंही तसंच. नळ्यांच्या दिशेनं भार पेलतो, आडव्या दाबानं चेपतो. नखाचीसुद्धा खूण उमटते.

म्हणून पात्यात त्याला एकटं सोडत नाहीत. दोन्ही अंगांना काचतंतूंचे थर चिकटवतात आणि नळ्या त्या थरांशी काटकोनात ठेवतात. पातं वाकलं की एक थर ताणला जातो, दुसरा दाबला जातो. मधला बाल्सा दोघांतलं अंतर राखतो, कुणाला दुमडू देत नाही.

आपल्या घरातही असं एक माणूस मधे असतं. सासूबाई आणि मुलं, भाऊ आणि भाऊ यांच्या मधलं. बाहेरून दिसत नाही, पण घर त्याच्यावर उभं असतं. त्याला सरळ सांगून दिलेलं काम ते पेलतं. आडून मारलेला टोमणा मात्र खोल रुततो. आणि पेलतंय म्हणून लादतच राहायचं नसतं. २०२० च्या सुमारास बाल्साची मागणी इतकी वाढली, की ॲमेझॉनच्या जंगलात त्याची बेकायदा तोड झाली.

*या आठवड्याचा अभ्यास:* आपल्या घरातलं 'मधलं' माणूस कोण, ते ओळखूया. त्याचं एक काम आपण न सांगता उचलूया.

जय गुरुदेव! 🙏